एसी पंप बदलला तरी घाटात गाडी बंद पडते: जुन्या पेट्रोल ट्रकला इलेक्ट्रिक पंप बसवताना

लक्षण जवळपास सगळ्या गाड्यांत सारखं असतं. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, गावात कसलीच कुरकुर नसते. एप्रिल-मेच्या दुपारी वैभववाडीहून करूळ घाट चढायला लागलं की निम्म्या वाटेत इंजिन ओढ सोडतं, दोन-चार झटके देतं आणि बंद पडतं. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी परत सुरू होते. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत जावं लागलं तर सपाट रस्त्यावरही तेच. फिटर एसी पंपाचं, म्हणजे इंजिनावर बसणाऱ्या पेट्रोलच्या मेकॅनिकल पंपाचं, किट बदलतो, मग अख्खा पंप बदलतो, मग कार्बोरेटर खोलतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा मूळपदावर.

हे सगळं मूळ पेट्रोल इंजिन आणि कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे: डॉज-फार्गो, शेवरोले, बेडफर्ड, विलीज इंजिनाच्या महिंद्रा पिकअप, लष्कराच्या लिलावातून आलेल्या निसान कॅरियर. मध्येच कधीतरी पर्किन्स किंवा दुसरं डिझेल इंजिन बसलेल्या ट्रकला यातलं काही लागू होत नाही.

गरम झाल्यावरच का

एसी पंप इंजिनाच्या ब्लॉकवर बसतो. कॅमशाफ्टवरचा लोब त्याचा लिव्हर हलवतो, लिव्हर डायफ्रॅम ओढतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल खेचलं जातं. कार्बोरेटरकडे ढकलण्याचं काम आतली स्प्रिंग करते. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीवर, वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाबावर असते. दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. त्यातले हलके घटक तसेही चाळीस अंशांच्या आसपास वाफ व्हायला लागतात, आणि उन्हाळ्यात बोनेटखाली सत्तर अंश सहज होतात. नळीत वाफ साठली की डायफ्रॅमचा सगळा स्ट्रोक ती वाफ दाबण्यात आणि फुगवण्यात जातो, पेट्रोल जागचं हलत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. नवा एसी पंपही त्याच तापलेल्या जागी बसतो आणि तसाच मागून ओढतो, त्यामुळे नुसता पंप बदलून हा रोग जात नाही.

काही इंजिनांची रचनाच याला पूरक आहे. डॉज-फार्गोच्या फ्लॅटहेड सहा सिलिंडर इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला एकमेकांना बोल्ट केलेले असतात, कार्बोरेटर त्यांच्यावर आणि एसी पंप त्यांच्याखाली. पंपाला उष्णता लागू नये म्हणून पत्र्याचं शील्ड असायचं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला जोडलेल्या गाड्या इतक्या हातांतून गेल्या आहेत की ते शील्ड आता क्वचितच जागेवर दिसतं. तुमच्या गाडीत नसेल तर आधी ते करून घ्या. पुढे इलेक्ट्रिक पंप बसवला तरी कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीला त्याचा उपयोग होतोच.

त्यात आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-20 पेट्रोल. आपल्याच भागातल्या उसापासून निघणारं इथेनॉल त्यात आहे आणि ते टाळायची सोय जवळपास राहिलेली नाही. इथेनॉल स्वतः 78 अंशांला उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे वाफ लवकर धरते. दुसरा परिणाम रबरावर. जुन्या साठ्यातली किंवा हलक्या प्रतीची डायफ्रॅम किट फुगतात, मऊ पडतात आणि मग ताठरून चिरतात. डायफ्रॅम चिरला की पेट्रोल पंपाच्या खालच्या भोकातून ठिबकतं, नाहीतर सरळ इंजिनाच्या तेलाच्या चेंबरात उतरतं.

पंपाला हात लावण्याआधी

इलेक्ट्रिक पंप बसवूनही जी गाडी बंद पडत राहते तिच्यात बऱ्याचदा मुळात दोष पेट्रोलचा नसतोच. म्हणून गाडी बंद पडल्या क्षणी, ती थंड व्हायच्या आत, पुढच्या गोष्टी बघा.

एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची लिंक हाताने पूर्ण ओढा. आतल्या बारीक जेटमधून पेट्रोलची जोरदार पिचकारी आली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. मग इंजिन पेट्रोलअभावी बंद पडलेलं नाही. इग्निशनची कॉइल आणि कंडेन्सर तपासा. गरम झालेली कॉइल आणि मरायला टेकलेला कंडेन्सर हुबेहूब व्हेपर लॉकसारखे वागतात: गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू. स्पार्क पिवळट आणि बारीक दिसला, तर पंपावर खर्च करू नका. पिचकारी आली नाही किंवा नुसती फुसफुसली, तरच पुढे जा.

टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. चोरी होऊ नये म्हणून बाजारातलं कुलपाचं झाकण लावलेल्या गाड्यांत हे फार आढळतं, कारण त्यातल्या कित्येकांना भोक नसतंच. टाकीत निर्वात झाला तर कुठलाही पंप, कितीही चांगला असो, थकणारच.

एसी पंपावर आणि त्याच्याकडे येणाऱ्या नळीवर ओलं फडकं टाका. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली तर दुखणं उष्णतेचंच आहे, आणि तिथे इलेक्ट्रिक पंपाचा खरा उपयोग आहे.

घरी आल्यावर, इंजिन थंड असताना, मापं घ्या. कार्बोरेटरच्या तोंडाशी टी लावून गेज जोडा: आयडलला बहुतेक इंजिनांत 3 ते 5 पीएसआय मिळायला हवेत, विलीजच्या इंजिनात थोडे कमी. मग नळी एका बाटलीत सोडून इंजिन वाटीतल्या पेट्रोलवर आयडलला चालवा. एका मिनिटात अर्धा लिटर तरी यायला हवं. हा आकडा उगाच नाही. साधारण 90 हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन घाटात पूर्ण ओढीवर तासाला पंचवीस-तीस लिटर पितं, म्हणजे मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर. त्याहून कमी आलं तर गाडी सपाटीवर ठीक चालेल आणि चढाला मरेल. बाटली एक्झॉस्टपासून लांब धरा, जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि हे काम दुसऱ्या माणसाशिवाय करू नका.

दाब आणि माप दोन्ही कमी आले तर पंपाची टाकीकडची नळी काढून व्हॅक्यूम गेज लावा. चांगला एसी पंप 8 ते 10 इंच ओढतो. तेवढी ओढ असूनही पेट्रोल कमी येत असेल तर अडथळा मागे आहे: टाकीतली जाळी, दबलेली नळी, नाहीतर आतून सुजलेला जुना होज. होजचं बाहेरचं अंग ठणठणीत दिसतं आणि आतलं अस्तर सुटून झडपेसारखं बंद होतं. तो बोटाने चेपून काही कळत नाही, काढून उजेडात आरपार बघावा लागतो.

शेवटी डिपस्टिक काढून वास घ्या. तेल पातळ, वर चढलेलं आणि पेट्रोलच्या वासाचं असेल तर डायफ्रॅम फाटला आहे. तेल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. बेअरिंगं जातात, आणि चेंबरातल्या वाफेने पेट घेतला तर त्याहून वाईट.

कोणता पंप

इथे सर्वांत मोठी चूक होते. जुन्या बाजारात एमपीएफआय (इंजेक्शनच्या) गाडीचा पंप स्वस्तात मिळतो आणि पेट्रोलचा पंप तो पेट्रोलचाच म्हणून बसवला जातो. इंजेक्शनचा पंप 3 बारच्या आसपास, म्हणजे चाळीसहून जास्त पीएसआय देतो. वाटी भरली की पेट्रोल अडवणारी कार्बोरेटरची नीडल पाच-सहा पीएसआयच्या वर टिकत नाही. नीडल उघडी राहते, पेट्रोल वाटीतून उतू जातं आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं. रेग्युलेटर लावून हा दाब उतरवू म्हणणंही चूक. कार्बोरेटरचे साधे रेग्युलेटर एवढ्या दाबासाठी बनलेलेच नाहीत.

हवा तो कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा पंप. दोन प्रकार सहज मिळतात. एक चौकोनी, टक-टक आवाज करणारा सोलेनॉइडचा: एक-दोन अँपिअर घेतो, आत झिजायला फारसं काही नाही, कोरडा चालला तरी लगेच मरत नाही. दुसरा गोल, आत मोटर आणि व्हेन असलेला: पेट्रोल जास्त देतो, करंटही जास्त घेतो, दाबही बहुधा जास्त आणि घाण अजिबात खपवून घेत नाही. या ट्रकांसाठी पहिला प्रकारच घ्यावा. 2 ते 4 पीएसआयचा, तासाला 80 ते 100 लिटर देणारा मिळाला तर रेग्युलेटरची गरजच उरत नाही, आणि जो भाग गाडीत नाही तो बिघडत नाही. 4 ते 7 चाच मिळाला तर रेग्युलेटर हवाच. त्यावरच्या चकतीवरच्या आकड्यांवर विश्वास न ठेवता गेज लावून, इंजिन आयडलला ठेवून सेट करा: विलीजच्या कार्बोरेटरला 2.5 ते 3, मोठ्या सहा सिलिंडरला 3 ते 4.

व्होल्टेज आणि अर्थिंग आधी बघा. 1955 पर्यंतच्या डॉज-फार्गोंना मुळात 6 व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ होतं. मधल्या काळात कुणी 12 केलेलं असेल, कुणी अर्थ उलटं केलेलं असेल. वायरिंगवर अंदाज बांधू नका, मीटर लावा. दोन वायरींचा, बॉडी अलग असलेला पंप घेतला तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत वायरी अदलून भागतं. पंपाची बॉडीच आतून निगेटिव्हला जोडलेली असेल, तर तो चासीला बोल्ट केल्याबरोबर शॉर्ट होतो. अनेक लष्करी गाड्यांत 24 व्होल्ट असतं. तिथे दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 घेण्याचा प्रकार करू नका, दोन्ही बॅटऱ्या असमान चार्ज होऊन लवकर जातात. 24 चा पंप घ्या किंवा कन्व्हर्टर लावा.

बसवणं

बॅटरीची अर्थ केबल आधी काढा. हे काम खड्ड्यावर करू नका: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठून राहते आणि वरून कुणाला वाससुद्धा येत नाही. उघड्यावर, जॅक-स्टँडवर गाडी घ्या.

पंपाची जागा टाकीच्या शक्य तेवढी जवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली. हे पंप ढकलायला चांगले, ओढायला कमजोर. बोनेटखाली फायरवॉलवर बसवला तर वायरिंग सोपं जातं हे खरं, पण मग तोही एसी पंपासारखा गरम जागी बसून मागून ओढणार, आणि सगळा खर्च वाया. चासीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपपासून किमान एक फूट लांब, चाकाने उडवलेले दगड लागणार नाहीत अशी जागा शोधा. आउटलेट वरच्या बाजूला ठेवा म्हणजे हवा अडकत नाही. मध्ये रबरी बुश घाला. थेट लोखंडावर आवळलेला पंप सगळी केबिन वाजवतो, आणि मग तो आवाज ऐकायची सवय होऊन बिघाडाचा आवाज वेगळा कळत नाही.

टाकी आणि पंपाच्या मध्ये जाड जाळीचा फिल्टर, पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये बारीक कागदी फिल्टर. उलटं केलं, म्हणजे बारीक फिल्टर ओढीच्या बाजूला आला, तर आपल्याच हाताने व्हेपर लॉक तयार केल्यासारखं होतं. प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर एक्झॉस्टजवळ नको, पत्र्याचा घ्या.

नळी 8 मिलिमीटरची, म्हणजे 5/16 इंचाची, पोलादी. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून फिटर तीच काढतात, पण थरथरीने तांबं कडक होतं आणि फ्लेअरच्या मुळाशी तडकतं. रबरी होज फक्त जोडापुरते, वीतभर लांबीचे, आणि अंगावर एसएई जे30 आर9 छापलेलेच. वर्म-ड्राइव्हच्या क्लिपा होजला कापतात. सगळीकडून सारख्या आवळणाऱ्या, बोल्टच्या गोल क्लिपा वापरा. नळी दर फूट-दीड फुटाला पी-क्लिपने चासीला धरा.

आता ब्लॉकवरची रिकामी जागा. एसी पंप काढल्यावर तिथे पाच मिलिमीटर जाडीची पट्टी हवी. पंपाचं जुनं पॅकिंग नेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपात दिलं की त्यावरून ती कापून, छिद्रं पाडून, तोंड सपाट करून मिळते. पॅकिंग नवीन कापा, दोन्ही अंगांना आरटीव्ही सीलंटचा पातळ थर द्या. इथे बोल्टची लांबी बघायला विसरू नका. पंपाची फ्लँज जाड होती, पट्टी पातळ आहे. जुनाच बोल्ट घातला तर तो भोकाच्या तळाला जाऊन टेकतो, हाताला पूर्ण आवळल्यासारखा लागतो आणि पट्टी मात्र सैलच राहते. तेल तिथून गळतं, पॅकिंगला दोष जातो. आणखी जोर लावला तर ओतीव ब्लॉकला चीर. बोल्ट तेवढाच आखूड करा जेवढी जाडी कमी झाली, किंवा खाली वायसर वाढवा. काही इंजिनांत ही भोकं चेंबरात आरपार उघडतात. आट्यांनाही सीलंट लावा.

एसी पंप जागेवर ठेवून त्याच्यातूनच इलेक्ट्रिक पंपाचं पेट्रोल न्यावं, म्हणजे गाडी मूळ रूपात दिसेल, असं सुचवणारे बरेच भेटतात. करू नका. डायफ्रॅम चिरला तर आधी थोडं पेट्रोल चेंबरात जायचं. आता इलेक्ट्रिक पंप मागून सतत ढकलत राहील आणि सगळी टाकी तेलात उतरेल. दिसण्यासाठी ठेवायचाच असेल तर रिकामा ठेवा, नळी बाजूने न्या. काढलेला पंप मात्र पुसून, तेल लावून डब्यात ठेवा. त्याच्या ओतीव बॉडीला पर्याय मिळणं आता अवघड झालं आहे.

विलीजच्या इंजिनावर दुमजली पंप असतो: एक मजला पेट्रोलचा, दुसरा वायपरला व्हॅक्यूम देणारा. तो काढला की वायपर मरतात. इनटेक मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूम दिला तर चालतात, पण चढाला थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर काचेच्या मधोमध थांबतात. जुलैत गगनबावड्याच्या पावसात असं होणं परवडणारं नाही. इलेक्ट्रिक वायपर मोटर त्याच वेळी बसवून टाका.

वायरिंग आणि सेफ्टी कट-ऑफ

एसी पंपाचा एक मोठा गुण होता: इंजिन थांबलं की पंप थांबायचा. इलेक्ट्रिक पंपाला हे माहीत नसतं. चावी चालू राहिली आणि नळी तुटली, किंवा गाडी कलंडली, तर तो शेवटच्या थेंबापर्यंत पेट्रोल ओतत राहतो. चावीवरून सरळ वायर ओढून पंप लावणं म्हणूनच अर्धवट काम आहे. कट-ऑफशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

सोपी आणि खात्रीची पद्धत अशी. चार पिनांचा रिले (थोड्या करंटने जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला. 87 वरून पंपाला. 86 ला चावीवरचा करंट. 85 ची वायर ऑइल प्रेशर स्विचला, जो दाब आल्यावर अर्थ देतो. इंजिन फिरून तेलाचा दाब पाच पीएसआयच्या वर गेला की रिले ओढतो आणि पंप चालू. इंजिन बंद पडलं की दाब जातो आणि पंप बंद. एखादी वायर तुटली तरी पंप बंदच पडतो, ही यातली मुख्य गोष्ट.

डॅशबोर्डवरच्या तेलाच्या दिव्याचा स्विच यासाठी चालत नाही. तो उलट काम करतो: दाब नसताना अर्थ देतो. तो लावला तर इंजिन बंद असताना पंप चालेल आणि सुरू झाल्यावर थांबेल. दाब आल्यावर जोडणारा स्विच वेगळा मागून घ्या, आणि गेजच्या नळीवर टी लावून बसवा.

चार दिवस उभ्या गाडीची वाटी रिकामी असते, तेव्हा सुरुवातीला दाब नसताना पंप चालवायला पुश बटण हवं. 85 वरून दुसरी वायर बटणातून अर्थला द्या. चावी चालू करून बटण आठ-दहा सेकंद दाबा, पंपाची टक-टक मंदावली की वाटी भरली. बटण दाबून धरायचंच असावं. टॉगल स्विच लावला तर तो कधीतरी चालू राहणारच. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आत डायोड नसलेला रिले घ्या.

वायर 12 व्होल्टला 1.5 चौरस मिलिमीटर, 6 व्होल्टला 2.5. फ्यूज सोलेनॉइडच्या पंपाला 5 अँपिअर, मोटरच्या पंपाला 10. अर्थची वायर गंजक्या चासीवर न सोडता बॅटरीपर्यंत परत आणा. सगळं झाल्यावर इंजिन चालू ठेवून ऑइल स्विचची वायर काढा: पंप लगेच थांबला पाहिजे, आणि वाटीतलं पेट्रोल संपलं की इंजिनही.

बसवल्यानंतरही त्रास होत असेल तर

पेट्रोलचा वास, काळा धूर, आयडल डळमळीत, कार्बोरेटरच्या बाजूने ओल: दाब जास्त आहे किंवा नीडलमध्ये कचरा बसला आहे. आधी गेज लावा. दाब ठीक असेल तर नीडल आणि सीट एकत्रच बदला. जुन्या सीटवर नवी नीडल बसत नाही. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलं आहे का तेही ऐका.

पहिल्या काही आठवड्यांत फिल्टर पुन्हापुन्हा चोंदणं हे अपेक्षितच आहे. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गोंद सोडवतं आणि तो सगळा जाळीत येतो. तिसऱ्या-चौथ्या फिल्टरनंतरही लाल गंज येत राहिला तर टाकी उतरवून साफ करा. टाकीला डाग द्यायचा असेल तर गॅसची बत्ती लावण्याआधी ती धुऊन, जोडाच्या जागेपर्यंत पाण्याने भरून घेणाऱ्याकडेच द्या. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

पंपाचा आवाज अचानक चढा आणि कोरडा झाला, चढाला ओढ कमी: ओढीच्या बाजूला अडथळा किंवा हवा. टाकीतली उभी नळी गंजून मध्येच भोक पडलं असेल तर टाकी निम्मी झाल्यावरच हा त्रास सुरू होतो, भरलेल्या टाकीवर कधीच नाही. ही खूण पक्की समजा.

पंप मंद चालतो, कधी चालतो कधी नाही: पंप चालू असताना त्याच्याच टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं तर दोष वायर, अर्थ किंवा रिलेच्या पायात आहे, पंपात नाही. 6 व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्टही जास्त झाला, तिथे पाव धरा.

चालताना ठीक, पण गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं तर सुरू होत नाही: इथे नळीतलं नव्हे, वाटीतलं पेट्रोल उकळतं आहे. ते उतू जाऊन मॅनिफोल्डमध्ये साठतं आणि इंजिन ओव्हरफ्लो होतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून, वरखाली न करता, सेल्फ मारा, सुरू होईल. कायमच्या उपायासाठी कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर आणि पत्र्याचं शील्ड. तरी भागलं नाही तर तीन तोंडांचा फिल्टर कार्बोरेटरजवळ लावून तिसऱ्या, बारीक भोकाच्या तोंडातून टाकीकडे परतीची नळी न्या. परतीचं तोंड वरच्या बाजूला ठेवा म्हणजे वाफ आधी तिकडून निघून जाते, आणि नळीत पेट्रोल सतत फिरत राहिल्याने ते तापायला वेळच मिळत नाही. ई-20 वर चालणाऱ्या फ्लॅटहेड इंजिनांना ही परतीची नळी सुरुवातीपासूनच घालावी असं आमचं मत आहे. टाकीत नवीन जोड द्यावा लागतो म्हणून लोक टाळतात, पण टाकी एकदा साफसफाईसाठी उतरलीच आहे तर तेव्हाच करून घ्यावा.

पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहिलेली गाडी सुरू झाली नाही, किंवा सुरू होऊन लगेच गचके देत बंद पडली, तर टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन खाली बसतो. पंप नेमका तोच थर आधी उचलतो. बाटलीत दोन थर दिसले तर वरून नवीन पेट्रोल ओतून काही होत नाही. टाकी, नळी, दोन्ही फिल्टर आणि वाटी सगळं रिकामं करा. पावसाळाभर गाडी उभीच राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरायला हवाच उरत नाही.

लांबच्या रस्त्याला गाडीत एक जादा रिले, दोन-चार फ्यूज, फूटभर आर9 होज, चार क्लिपा आणि एक जाळीचा फिल्टर ठेवा. आंबा किंवा फोंडा घाटात यातलं काहीही मिळत नाही.